बाबाची टाटा मोबाईल: भंगारात देऊ का उभी करू?

पत्र लांब होतं, कामापुरतं देतो:

"काका नमस्कार. पांढरकवड्याजवळच्या खेड्यातून लिहून राहिलो. वय २८, शेती ५ एकर, कपाशी अन् तूर, एका बोअरवर थोडं ओलीत. बाबाची १९९५ ची टाटा मोबाईल पिकअप घरामागं निंबाखाली ९ वर्षापासून उभी हाय. बाबा तिच्यात आमचा अन् गावचा कापूस जिनिंगवर न्यायचे. बाबा आता नाहीत. मोठा भाऊ नागपूरला राहते, तो म्हणते भंगारात देऊन टाक. भंगारवाला येऊन भाव पण सांगून गेला. आई म्हणते त्या पैशात बोअरची मोटर बदल. मले मात्र ती गाडी भारी बनवायची हाय. मॅट काळा कलर, मोठे टायर, गाडी उंच, समोर एलईडी बार, अन् जुनं इंजिन फेकून एखाद्या अ‍ॅक्सिडेंटवाल्या नवीन गाडीचं इंजिन. दीड लाख जमवले हाय. वेचणी झाली की महिनाभरात सगळी खोलून टाकतो. सुरुवात कुठून करू?"

राजा, गाडी भंगारात देऊ नको, हे पहिलेच सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचताना जीवाला घोर नको. पण "महिनाभरात सगळी खोलून टाकतो" हे जे तू लिहिलं ना, ते डोक्यातून काढ. आपल्याकडं जेवढ्या जुन्या गाड्या हौसेनं उघडल्या गेल्या त्यातल्या कितीतरी उघड्याच राहिल्या, बोनेट गोठ्यात, दारं भिंतीला टेकवलेली, नटबोल्ट कुठं गेले पत्ता नाही, अन् मग दोन पावसाळ्यानंतर घरचेच म्हणतात उचला हे. आत्ता तुझ्याकडं एक अख्खी गाडी आहे, तिचं अख्खं असणं हीच सगळ्यात मोठी किंमत आहे. तिला एका वेळी एकाच ठिकाणी उघडायचं, तेवढं पूर्ण करायचं, बंद करायचं, मग दुसरीकडं हात लावायचा. अन् क्रम ठरलेला आहे, आधी कागद, मग चालणं अन् थांबणं, मग पत्रा, अन् सगळ्यात शेवटी नटवणं. तू पत्रात नेमका उलटा लिहिला आहे.

तुझ्याकडं काय आहे ते आधी समजून घे, कारण मले वाटते गावात कोणी तुले हे सांगितलंच नसेल. टाटा मोबाईल २०६ टाटानं १९८८ ला काढली, त्याआधी टाटा म्हटलं की ट्रक अन् ४०७ एवढंच डोळ्यासमोर यायचं. याच पिकअपच्या पायावर पुढं १९९१ ला सिएरा आली, १९९२ ला इस्टेट, अन् १९९४ ला सुमो. इंजिन मूळ फ्रान्सच्या प्युजोच्या डिझेल इंजिनावरून घेतलेलं, १९४८ सीसी. अन् हेच इंजिन सुरुवातीच्या सुमोमध्ये होतं, म्हणजे काळी-पिवळीमध्ये ज्या जुन्या सुमो तालुक्याला धावायच्या त्यातलं. हे तुझ्या फायद्याचं आहे. तुले नवीन पोरांच्या चकाचक वर्कशॉपमध्ये जायची गरज नाही, काळी-पिवळीच्या जमान्यात ज्यानं सुमोच सुमो उघडल्या असा पन्नाशी-साठीचा मिस्त्री शोध, पांढरकवड्यात नाही तर यवतमाळला सापडेलच. तो आवाजावरून सांगेल काय झालं ते. इंजिनचं सामान सुमोचं म्हणून मागायचं, टाटा मोबाईलचं म्हणून मागशील तर दुकानदार डोकं हलवेल. नागपूरला वाडीकडं बघ, नाही तर तुले आदिलाबाद पण जवळच आहे.

आता कागद. गाडी अजून बाबाच्या नावावर आहे असं तुझ्या पत्रावरून दिसते, म्हणजे कायद्यानं ती तुझी एकट्याची नाही, आईची अन् भावाची पण आहे. त्यामुळं पहिला पाना लावायच्या आधी भावाशी नीट बोलून घे अन् त्याची संमती लेखी घे, कारण उद्या दीड लाख घातल्यावर गाडी उभी राहिली अन् तेव्हा वाद निघाला तर गाडीही जाते अन् भाऊही. मालक वारल्यानंतर वारसाच्या नावावर गाडी करायला फॉर्म ३१ असतो, विक्रीचे २९ अन् ३० वेगळे, एजंट घाईत चुकीचे भरून घेतात म्हणून सांगतो. सोबत मृत्यूचा दाखला, वारसाचं प्रतिज्ञापत्र, बाकी वारसांची ना-हरकत. खरं तर हे बाबा गेल्यावर ३ महिन्यात करायचं असते, उशीर झाला तर दंड भरून होते, पण आता अजून ढकलू नको.

दुसरं म्हणजे ही मालवाहू गाडी, पिवळ्या पाटीची. मालवाहू गाडीला ८ वर्षानंतर दरवर्षी फिटनेस लागते, तुझी कधीची संपली. टॅक्स किती थकला, पर्यावरण कर किती, बाबानं गाडी बंद ठेवल्याचं आरटीओत कळवलं होतं का, हे सगळं यवतमाळच्या आरटीओत जाऊन स्वतः विचार. कळवलं असेल तर टॅक्सचा भार बराच हलका होऊ शकते, म्हणून बाबाच्या जुन्या फाईलीत, कपाटातल्या पिशवीत एखादी पोचपावती आहे का ते आईला विचारून शोध. एवढ्या जुन्या गाडीची नोंद कॉम्प्युटरवर चढलेलीच नसते बरेचदा, मग बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते, त्यात वेळ जाते. नवीन नंबर पाटी म्हणजे एचएसआरपी पण लागेल. हा सगळा हिशेब हातात आल्याशिवाय गॅरेजमध्ये एक रुपया देऊ नको. थकबाकीच एवढी निघाली की परवडतच नाही, तर ते आज कळलेलं बरं, कलर मारल्यावर नाही.

अन् गावात कोणी म्हणेल १० वर्षावरच्या डिझेल गाड्या बंद झाल्या, तर ते दिल्ली-एनसीआरचं आहे, २०१५ ला हरित लवादानं सांगितलं अन् २०१८ ला सुप्रीम कोर्टानं कायम केलं. आपल्या यवतमाळ जिल्ह्याला तो नियम नाही. व्हिंटेज नोंदणी करू असंही कोणी सुचवेल, त्याला गाडी ५० वर्षाच्या वर लागते अन् तीही धंद्यात नसलेली. तुझी त्यात बसत नाही, तो विषय सोड.

इंजिन बदलायचं जे तुझ्या डोक्यात बसलं आहे त्याला माझा साफ विरोध आहे. आजकालच्या गाडीचं कॉमन रेल इंजिन म्हणजे नुसतं लोखंड नाही, त्याच्यासोबत कॉम्प्युटर, सेन्सर, अख्खी वायरिंग, वेगळा डिझेल पंप, वेगळे माउंटिंग, गिअरबॉक्स जुळत नाही, प्रोपेलर शाफ्ट कापून जोडावा लागते, रस्त्यात बंद पडली तर घाटंजीच्या फाट्यावर कोणी हात लावणार नाही. त्याच्याही वर कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगते की कंपनीनं जशी बनवली त्यापेक्षा वेगळी करायची नाही, अन् जानेवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टानं हे पुन्हा ठासून सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात जी दुरुस्ती झाली तिच्यात मालकानं परवानगी नसलेला बदल केला तर दर बदलामागं ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यापर्यंत कैद किंवा दोन्ही. अन् अ‍ॅक्सिडेंट झाला अन् कोणाला लागलं, तर विमा कंपनी पहिले हेच पाहील की आरसीत एक इंजिन अन् गाडीत दुसरं काहून. तुझं इंजिन अगदीच गेलं असेल तर त्याच जातीचं, त्याच सीसीचं दुसरं मिळव, आरटीओची परवानगी घेऊन इंजिन नंबर आरसीवर चढवून घे. तो सरळ रस्ता आहे.

पण गेलं आहे हे कोण म्हणते? ९ वर्ष उभं राहिलेलं डिझेल इंजिन बरेचदा जिवंत निघते, त्याला उठवताना घाई करणारे लोक मारतात. उत्साहात नवीन बॅटरी आणून स्टार्टर मारू नको अन् ट्रॅक्टरला बांधून गिअरमध्ये तर अजिबात ओढू नको. आतमधी लायनरला (पिस्टन ज्या नळीत चालते तिला) गंज धरून पिस्टनच्या रिंगा चिकटल्या असतील तर त्या झटक्यात तुटतात अन् लायनरला चरे पाडतात. आधी एअर फिल्टरचा डबा उघड, उंदराचं घरटं निघालं तर नवल नाही, कापसाच्या गाडीत तर हमखास. मग हीटर प्लग (थंड इंजिन उठवताना सिलिंडर तापवणारे) खोल, चारही, अन् त्या भोकातून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं थोडं इंजिन ऑइल अन् डिझेल मिसळून सोड, अन् चार-पाच दिवस तसंच राहू दे. मग गाडी न्यूट्रलमध्ये आहे ना ते बघून क्रँकच्या पुलीच्या बोल्टला लांब पाना लावून हातानं, हळू, थोडं इकडं थोडं तिकडं फिरव. जड लागलं तर जोर नाही करायचा, अजून तेल, अजून दोन दिवस. एकदा का दोन पूर्ण फेरे मोकळे फिरले की समज अर्धं काम झालं.

तोवर डिझेलची टाकी खाली काढ. ९ वर्षाचं डिझेल म्हणजे खाली पाणी, वर चिखल, ते एक थेंब पंपात गेलं तर पंप अन् नोझल दोन्ही बसतील अन् तिथंच तुझे सगळ्यात जास्त पैसे जातील. टाकी धू, रबरी पाईप सगळे नवीन, फिल्टर नवीन. ऑइल अन् ऑइल फिल्टर बदल. हीटर प्लग काढलेच आहे तर १२ व्होल्टच्या टेस्ट लॅम्पनं तपासून घे, एक टोक बॅटरीच्या प्लसला अन् दुसरं प्लगच्या टोकाला, प्लगचं अंग मायनसला धर, दिवा लागला तर प्लग चांगला, नाही लागला तर गेला. या इंजिनाला थंडीत हीटरशिवाय उठवत बसशील तर बॅटरी मरेल अन् तुले वाटेल इंजिनच खराब. मग प्लग बाहेरच ठेवून, डिझेल बंद करून स्टार्टरनं थोडं फिरव म्हणजे भोकातलं तेल बाहेर उडेल अन् ऑइल वर चढेल (त्या भोकांसमोर तोंड घालून पाहत बसू नको). ऑइल प्रेशरचा दिवा विझला की प्लग लाव, डिझेलच्या लाईनमधली एअर काढ अन् मग स्टार्ट. पहिल्या वेळी स्टार्ट करताना इंजिन हवा ओढते त्या तोंडाशी एक जाड लाकडी फळी घेऊन माणूस उभा ठेव, रेस आपोआप वाढत चालली अन् बंदच होत नसेल तर ती फळी दाबून हवा बंद करायची, हात लावायचा नाही, हात ओढला जाते.

चालू झालं की ऑइलचं झाकण उघडून बघ, बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे तिथून वर येणारा धूर, किती मारते. थोडा धूर सगळ्याच जुन्या इंजिनाला असते, पण भकाभका फेकत असेल तर रिंगा-लायनरचं काम निघेल अन् ते करायचंच, त्यात काटकसर नको.

रेडिएटरवर थोडं जास्त लिहितो, कारण आपल्या भागात गाडी तिथूनच मरते. मे महिन्यात ४५ डिग्रीमध्ये जुनी गाडी तापणारच असं म्हणून लोक थर्मोस्टॅट (गरमीप्रमाणं पाणी सोडणारा वॉल्व्ह) काढून फेकतात अन् वर बोअरचं पाणी टाकत राहतात. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार किती आहे ते चहाच्या भांड्याच्या बुडाला पाहून घे, तोच थर इंजिनच्या आत अन् रेडिएटरच्या नळ्यात बसते, मग गरमी बाहेर जात नाही, हेड वाकते, गॅस्केट उडते. रेडिएटर रेडिएटरवाल्याकडं देऊन टाक्या उघडून नळ्या सळईनं साफ करून घे, नुसतं वरून पाणी मारून होत नाही. थर्मोस्टॅट नवीन टाक, काढू नको. अन् कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळून भर, बोअरचं पाणी त्या गाडीला यापुढं दाखवूच नको.

गाडी चालायला लागली की तुले तिला गावभर फिरवायचा मोह होईल, मी समजू शकतो, पण ब्रेक झाल्याशिवाय ती आवाराच्या बाहेर गेली नाही पाहिजे. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढते, ९ वर्षात सिलिंडर आतून खाल्ले गेले असतील. मास्टर सिलिंडर, चारही चाकांचे सिलिंडर किंवा त्यांचे किट, रबरी होज, सगळं नवीन. लोखंडी पाईपवर बोट फिरवून बघ, खवले लागले तर बदल. टायरमध्ये नक्षी दिसते म्हणून चांगले समजू नको, टायरच्या बाजूला चार आकडे असतात, २३१५ लिहिलं असेल तर २०१५ च्या २३ व्या आठवड्यात बनला, तसे जुने टायर उन्हात धावले की फुटतात. मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या), त्यांचे बुश, टाय रॉड, स्टिअरिंगचे सांधे, हे मिस्त्रीकडून हलवून पाहून घे. अन् गाडीखाली घुसताना नुसता जॅक कधीच नाही, विटाही नाहीत, विटा एकदम फुटतात. लोखंडी घोडे घे किंवा जाड लाकडी ठोकळे, आडवे-उभे रचलेले, अन् वरून एकदा जोरात हलवून पाहिल्याशिवाय खाली जाऊ नको. तुझ्या घरी आई आहे, हे लक्षात ठेव.

आता पत्रा. निंबाखाली उभी म्हणजे काचेच्या खालच्या जाळीत पाला भरला असणार, त्यानं पाणी जायची भोकं बुजतात अन् ओल आत फ्लोअरवर उतरते. मॅट उचल, स्क्रूड्रायव्हरनं टोचून बघ. हातोडीच्या मुठीनं वाजव, चांगला पत्रा टणक वाजते, सडलेला भद्द. चेसिसला पण तसंच, खास करून पाट्याचे हँगर जिथं बसतात तिथं. चेसिस तिथं सडली असेल तर हा सगळा खर्च पुन्हा विचार करण्यासारखा आहे, म्हणून हे पाहणं कागदांच्या सोबतच करून टाक. जुन्या पुट्टीचं कळायला लोहचुंबक फिरव, चिकटत नाही तिथं खाली पुट्टीच पुट्टी. सडलेलं कापून नवीन पत्रा वेल्ड करायचा, वरून पुट्टी थापायची नाही, पुट्टी २-३ मिलिमीटरच्या वर गेली की आपल्या रस्त्यांवर तडकतेच. वेल्डिंगच्या वेळी बॅटरीची वायर काढलेली अन् डिझेलची टाकी गाडीबाहेर, रिकामी असली तरी बाहेर.

छोट्या सामानाचा गंज काढायला एक पद्धत सांगतो, स्वस्त आहे अन् पाहायला मजा येते. प्लास्टिकचा ड्रम, त्यात पाणी, दर ४-५ लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा. बॅटरी चार्जरची काळी वायर गंजलेल्या वस्तूला, लाल वायर एखाद्या जुन्या साध्या सळईला, दोन्ही पाण्यात सोडायचे पण एकमेकाला लागू द्यायचे नाही. चार्जर चालू केला की वस्तूवरून बारीक बुडबुडे उठतात अन् दुसऱ्या दिवशी गंज काळ्या चिखलासारखा होऊन नुसत्या ब्रशनं निघून येते, खालचं लोखंड झिजत नाही. लालकडं स्टेनलेस स्टील कधीच लावू नको, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. बुडबुड्यात हायड्रोजन असते म्हणून काम उघड्यावर, बिडीवाले लांब. पाट्याच्या पट्ट्या अन् जास्त ताकदीचे बोल्ट यात टाकू नको, ते ठिसूळ होतात. बाहेर काढल्यावर धू, वाळव अन् त्याच दिवशी प्रायमर मार, नाही तर संध्याकाळपर्यंत पुन्हा लाल.

कलरची वेळ आपल्या शेताप्रमाणं धर. पावसाळ्यात हवेत ओल, कलर पांढरट पडते. मे महिन्यात थिनर हवेतच उडते अन् अंग खरखरीत येते. तुरीची मळणी चालू असताना तर नावच काढू नको, कुटाराची धूळ अर्धा किलोमीटर उडते. मळणी झाल्यावर, ऊन तापायच्या आधी, सकाळी. पीयू (पॉलियुरेथेन) कलर मारणार असशील तर त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते, तोंडाला गमछा बांधून चालत नाही, त्याच्यासाठीचा खास मास्क लागते. म्हणून तो भाग तालुक्याच्या पेंटरला देणं बरं, घासणं अन् प्रायमरपर्यंतचं काम तू घरी कर, मजुरी बरीच वाचेल.

मॅट काळा नको. एसी नसलेली, पत्र्याची कॅबिन, विदर्भाचं ऊन, तुले आत बसवणार नाही, अन् मॅटवर पडलेला ओरखडा पॉलिश करून निघत नाही. मूळ कलर कोणता होता तो डॅशबोर्डच्या आत किंवा दाराच्या पॅडखाली सापडेल, तोच मार, आरसीला पण हात लावायचं काम नाही. वेगळाच पाहिजे असेल तर आरटीओत नोंद करून घे. एलईडी बार नको, समोरच्या बैलगाडीवाल्याला अन् मोटरसायकलवाल्याला काही दिसत नाही, त्यापेक्षा हेडलाईटचे रिफ्लेक्टर नवीन टाकून वायरिंगमध्ये रिले (हेडलाईटला बॅटरीचा करंट सरळ देणारा स्विच) लाव, उजेड किती वाढते ते बघ. समोरचं लोखंडी गार्ड २०१७ पासून चालत नाही, काचेवरची काळी फिल्म २०१२ पासून. मोठ्या टायरनं स्टिअरिंग जड होते, ब्रेकवर ताण येते, मीटर चुकीचं दाखवते, अन् उंच केलेली पिकअप कापूस भरून वळणावर घे म्हणजे कळेल.

मग हौस कुठं करायची? डाल्यात कर, म्हणजे मागं माल भरायच्या जागेत. मागच्या डाल्याचा पत्रा एव्हाना फुगला असेल, तो नीट करून त्यावर सागाच्या फळ्या बसव, बोल्टनं, म्हणजे कधीही काढता येतील. आपल्यासारखं सागवान कोणाकडं आहे, पण डेपोचं किंवा परवानाधारक आरामशीनवाल्याचं, पावतीसकट घे. फळ्या घासून त्यांना जवसाचं तेल लाव, पातळ हात, पुसून घ्यायचं, वाळू द्यायचं, मग पुन्हा. खाण्याचं जवस तेल वाळायला लय दिवस घेते, हार्डवेअरमध्ये लाकडासाठीचं मिळते ते घे. दुसऱ्या-तिसऱ्या हातानंतर सागाचा जो मधासारखा रंग वर येते तो कोणत्याच कलरच्या डब्यात नाही. फक्त तेलाची चिंधी गोळा करून कोपऱ्यात फेकू नको, ती स्वतःच तापून पेट घेऊ शकते, अन् तुझ्या घरात कापूस भरलेला असेल. ती बाहेर पसरून वाळव किंवा पाण्यात बुडव. सीटचं कव्हर जाड सुती कापडाचं शिवून घे, दाराची रबरं नवीन टाक, आतून उंदरानं खाल्लेली वायरिंग पूर्ण नवीन ओढ, एक चांगला पंखा लाव. हे सगळं कधीही परत काढता येते, गाडीचं मूळ काही बिघडत नाही, अन् रोज वापरताना सुख देते. अन् हो, मागच्या फाळक्यावर बाबानं काही लिहून घेतलं असेल तर घासायच्या आधी त्याचा फोटो काढ अन् ट्रेसिंग पेपरवर उतरवून घे, पेंटर परत तसंच काढून देईल.

खोलताना प्रत्येक जागेचा फोटो, नटबोल्ट वेगवेगळ्या पिशवीत, पिशवीवर मार्करनं नाव. हे करायला दोन मिनिटं लागतात अन् न केल्यानं आठवडे जातात.

पैशाचं बोलतो. आईचं म्हणणं बरोबर आहे, मोटर आधी. ओलीत बंद पडलं तर गाडी पण बंद पडेल, म्हणून दीड लाखातून पहिले मोटर, अन् उरलेल्यात आरटीओचा हिशेब, मग इंजिन-ब्रेक-टायर. त्यातच पैसे संपले तर संपू दे, पत्रा अन् कलर पुढच्या वर्षीच्या कापसावर. पेरणीला ठेवलेल्या पैशाला हात लावायचा नाही अन् गाडीसाठी कर्ज तर कोणाकडूनच नाही, हा आईला शब्द दे अन् पाळ, मग ती स्वतःच चहा घेऊन निंबाखाली येईल. भावाला पण सांग की भंगारवाल्याला अशीच दिली असती तर आरसी बाबाच्या नावावर जिवंत राहिली असती अन् चेसिस नंबरचा कोणी गैरवापर केला असता तर चौकशी घरी आली असती. द्यायचीच झाली तर सरकारमान्य स्क्रॅप सेंटरला देऊन दाखला घ्यायचा अन् आरसी रद्द करायची, नुसतं वजन करून नाही.

वेचणी संपायची वाट पाहायची पण गरज नाही, एक काम या रविवारीच कर. चेसिस नंबर कुठं ठोकला आहे ते मिस्त्रीला विचारून घे, तिथली माती डिझेलच्या चिंधीनं अन् मऊ ब्रशनं हळू साफ कर. ग्राइंडर किंवा जाड तारेचा ब्रश तिथं चुकूनही लावू नको, एक आकडा जरी घासला गेला तर आरटीओवाले म्हणतील नंबर खोडला आहे अन् मग निस्तरता निस्तरता दमशील. नंबर दिसला की वर कागद ठेवून पेन्सिलनं ठसा घे, आरसीवरच्या नंबराशी एकेक अक्षर जुळव, इंजिन नंबरचं पण तसंच कर, अन् जुळला की मला कळव, मग फॉर्म ३१ सोबत काय काय जोडायचं ते बसून लिहून देतो.